रोममधील पुरातत्त्व संग्रहालये: नाशिकहून निघणाऱ्यांसाठी

रोमची तिकिटे काढण्याआधी एक सकाळ पांडवलेण्यांसाठी राखून ठेवावी, असे मी नाशिककरांना आग्रहाने सांगतो. तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा लेख आणि दहाव्या लेण्यातील क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचे, म्हणजे उषवदाताचे लेख साधारणपणे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतले आहेत, आणि रोमच्या दालनांत पुतळ्यांच्या रूपाने पुन्हा पुन्हा भेटणारे ट्राजान, हेड्रियन व मार्कस ऑरेलियस हे सम्राटही त्याच सुमाराचे. हा धागा हाती असला की शेकडो संगमरवरी चेहऱ्यांच्या गर्दीत आपण हरवत नाही.

दिवसाला एकच मोठे संग्रहालय ठरवावे. रोमचे राष्ट्रीय संग्रहालय एका इमारतीत नाही. ते शहरात अनेक ठिकाणी विखुरलेले आहे, म्हणून एकत्रित तिकीट किती दिवस चालते आणि कोणती दालने बंद आहेत, हे निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावे. हे राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असते; कॅपिटोलाइन टेकडीवरची संग्रहालये मात्र सोमवारीही उघडी असतात, तेव्हा सोमवार त्यांच्यासाठी ठेवावा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत प्रवेश विनामूल्य असतो, पण कुंभमेळ्याने गर्दीची सवय लावली असली तरी त्या दिवशी जाऊ नये, असे माझे मत आहे. पाठीवरची मोठी पिशवी दाराशीच ठेवावी लागते, म्हणून वही आणि पेन्सिल खिशात मावेल अशी घ्यावी.

सुरुवात राष्ट्रीय संग्रहालयाच्या, टर्मिनी रेल्वे स्थानकासमोरच्या पालाझ्झो मासिमो या इमारतीपासून करावी, आणि तीही वरच्या मजल्यावरून. तिथे सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या प्रिमा पोर्ता येथील वाड्यातील चित्रित बाग आहे. एका खोलीच्या चारही भिंती तिथून उचलून आणून पुन्हा मांडलेल्या आहेत. बाकावर बसून झाडे ओळखावीत. डाळिंब लगेच सापडते, आणि आपल्या कसमादे पट्ट्यातला बागायतदार सोबत असेल तर निसर्गात एकाच हंगामात न येणारी फुले-फळे चित्रकाराने एकत्र रंगवली आहेत, ही लबाडी तो चटकन पकडेल.

खाली आल्यावर बसलेल्या मुष्टियोद्ध्याचा कांस्यपुतळा पाहावा. तो १८८५ मध्ये क्विरिनाल टेकडीवर सापडला. समोरून छायाचित्र काढून बहुतेक लोक पुढे जातात. आपण त्याच्या उजव्या बाजूला जाऊन चेहऱ्यावरच्या जखमा आणि हातावर व मांडीवर ओघळलेले रक्ताचे थेंब न्याहाळावेत. ते लाल रंगाचे नाहीत, तर कांस्यात जडवलेल्या तांब्याचे आहेत. भांडी बाजारात तांब्या-पितळेचा रंग पारखून घेतलेल्या डोळ्यांना हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

तळघरातील नाण्यांकडे थकलेल्या पायांनी जाऊ नये. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची सुमारे १३ हजार चांदीची नाणी सापडली आणि त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या नाण्यावर राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे असतात. त्या नाण्यांची चित्रे मोबाइलमध्ये आधीच साठवून नेली तर रोमन चेहऱ्यांशी जागच्या जागी ताडून पाहता येते.

पाट्या वाचताना एक चूक मीही केली आहे. इटालियन पाटीवर शतकाच्या आकड्यापुढे ‘ए’ आणि ‘सी’ ही अक्षरे असतील तर त्यांचा अर्थ ख्रिस्तापूर्वी असा होतो, आणि ‘डी’ व ‘सी’ असतील तर ख्रिस्तानंतर. इंग्रजीच्या सवयीने ‘ए’ म्हणजे ‘आफ्टर’ समजून मी अर्धे दालन उलट्या काळात पाहिले.

कॅपिटोलाइनमध्ये मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा पाहावा. चौकात उभी आहे ती प्रतिकृती, मूळ पुतळा आत आहे. तेथून भुयारी मार्गाने टॅब्युलेरियम या प्राचीन रोमन इमारतीत जाता येते, आणि तिच्या कमानींतून फोरमचे, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष एका नजरेत दिसतात, म्हणून ही जागा संध्याकाळच्या उतरत्या उन्हासाठी राखावी. वेळ उरल्यास व्हिला जुलिया या संग्रहालयात जाऊन शवपेटीवर शेजारी-शेजारी रेललेले एत्रुस्कन, म्हणजे रोमनांआधी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांपैकी, पती-पत्नी पाहावेत. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातले हे जोडपे भाजलेल्या मातीचे आहे, आणि त्यांच्या हातांची ठेवण पाहताना मला कार्ल्याच्या लेण्यातील युगुले आठवली.