झाडावर चढून चेनसॉ चालवताय? मग या चुका टाळा

जमिनीवर हात बसलाय म्हणजे झाडावरही जमेल असं समजणं ही पहिली चूक, आणि भलेभले ती करतात. वर गेलं की आधी सुटतो तो दुसरा हात. एका हाताने फांदी धरायची नि दुसऱ्याने मशीन लांबवर नेऊन कापायचं. टॉप हँडलची मशीन हलकी असते, मूठ वरच असते, त्यामुळे ती एका हातात मस्त बसते आणि लोकांना वाटतं ती त्यासाठीच बनवलीये. अजिबात नाही. तीसुद्धा दोन्ही हातांनीच धरायची, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या हँडलला खालून पक्का गुंडाळून. बारच्या (म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीच्या) टोकाचा वरचा भाग मागच्या एखाद्या फांदीला नुसता टेकला तरी किकबॅक बसतो, मशीन उसळून थेट तोंडाकडे येते, आणि चेन सेकंदाला २० मीटरच्या आसपास पळत असते, म्हणजे बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. झाडावर पाय मागे घ्यायला जागा तरी कुठे असते?

पण हात का सुटतो ते बघा. तोल राहत नाही म्हणून. तोल सांभाळायला फांदी धरावी लागतेय म्हणजे तुमची दोरी चुकीच्या जागी बांधलीये, सरळ मशीन बंद करा, चेनचा ब्रेक लावा, मशीन बेल्टला अडकवा आणि जागा बदला. दोन मिनिटं जातात, जाऊ देत. कापताना मेन रोप (वरून तुम्हाला धरणारी मुख्य दोरी) आणि लॅनयार्ड (खोडाभोवती घेऊन कमरेला लावायची आखूड दोरी) दोन्ही लावलेले पाहिजेत, एकावर चेन लागली तर दुसरा धरेल म्हणून. आतून स्टीलची तार असलेला लॅनयार्ड थोडा जास्त टिकतो पण तोही कापला जातो, आणि विजेच्या तारा जवळ असतील तर तो नकोच (खरं तर मग तुम्हीच तिथे नको, आधी लाइन बंद करून घ्या). शिडीवर उभं राहून चेनसॉ चालवणं, खांद्याच्या वर मशीन नेणं, याबद्दल जास्त बोलत नाही, दोन्ही बंद.

आता कट. नुसतं वरून कापत गेलं की फांदी अर्ध्यात चिरते, सालीसकट लोंबकळते आणि झोका घेऊन तुमच्याच अंगावर येते. म्हणून आधी खालून साधारण पाव ते एक तृतीयांश, मग वरून. खालचा कट जास्त खोल घातला तर फांदीचं वजन खाली येऊन तो मिटतो आणि बार आत गच्च बसतो.

बार अडकला की नव्वद टक्के लोक हिसके देतात आणि थ्रॉटल दाबत बसतात! तसं केलं तर क्लच जळतो, आणि मशीन अचानक सुटली तर सगळा जोर तुमच्याकडेच येतो. इंजिन बंद करा. मशीनची दोरी कमरेच्या बेल्टमधून सोडवा, कारण फांदी तुटून पडताना मशीन घेऊन गेली तर तुम्हालाही ओढेल. मग अडकलेल्या जागेपासून निदान ३० सेंटिमीटर पुढे, म्हणजे शेंड्याच्या बाजूला, हातकरवतीने कापा, वजन उतरलं की बार आपोआप मोकळा होतो. हातकरवत कायम सोबत ठेवा, बारीक फांद्या तर तिनेच उरकतात. बारीक काटक्यांमध्ये चेनसॉ घातला की चेन उतरते.

वर जायच्या आधी खालीच मशीन गरम करून घ्या आणि आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, चेन फिरतेय का बघा. फिरत असेल तर आयडलचा स्क्रू कमी करा, तरीही फिरली तर क्लच तपासा, पण ती मशीन वर न्यायची नाही. कट एका बाजूला वळतोय? एका बाजूचे दात बोथट झालेत किंवा बार झिजलाय. भुशाऐवजी पीठ पडतंय म्हणजे कानस मारायची वेळ झालीये, बोथट चेनवर माणूस जोर लावतो आणि वर जोर लावला की तोल गेलाच. गरम चेन घट्ट केली असेल तर काम संपल्यावर ढिली करा, थंड झाल्यावर ती आवळते. आणि गरम सायलेन्सर दोरीला टेकू देऊ नका, सिंथेटिक दोरी वितळते, बाहेरून ते फार दिसतही नाही.

बॅटरीवाल्या मशीनचा आवाज कमी असतो म्हणून लोक बिनधास्त असतात, पण ट्रिगर चुकून दाबला गेला तर ती लगेच फिरते, त्यामुळे हात काढला की ब्रेक, प्रत्येक वेळी. खाली उभ्या मदतनीसालाही तुम्ही कापताय हे नीट ऐकू येईलच असं नाही, तेव्हा आवाज द्या, त्याचं उत्तर आलं की मगच कापा.

खालच्या त्या माणसाला नुसतं फांद्या ओढता येऊन भागत नाही. तुम्ही वर जखमी होऊन हार्नेसमध्ये (अंगाला बांधलेल्या पट्ट्यांमध्ये) लटकलात तर चढून खाली आणणारं कोणीतरी तिथे हजर पाहिजे, त्याची दोरी आणि हार्नेस गाडीत नाही तर झाडाखाली उघडून ठेवलेलं पाहिजे. रक्त जोरात वाहत असताना मदत यायची वाट बघत बसता येत नाही. जखमेवर दाबायची मोठी पट्टी मात्र तुमच्याच हार्नेसला असू द्या.