इटलीतल्या शहर-राज्यांच्या लढाया डोक्यात कशा बसवायच्या

पंधराव्या शतकातली इटली वाचायला घेतली की बरेच जण लवकरच नाद सोडतात, कारण कालचा मित्र आज समोर तलवार घेऊन उभा असतो आणि का ते कळतच नाही. पण विषय इतका भारी आहे की सोडू नका, असं करून बघा.

आधी उत्तर इटलीचा नकाशा घ्या. पो नदी आणि तिला उत्तरेकडून मिळणारी अड्डा नदी शोधा, मग मिलान, बेर्गामो, ब्रेशा, लोदी, व्हेनिस, फ्लोरेन्सवर खुणा करा. खाली रोमला पोप, त्याच्याखाली नेपल्सचा राजा. मिलान, व्हेनिस, फ्लोरेन्स, पोप, नेपल्स हे पाच मोठे, बाकीच्यांकडे नंतर बघू. ग्वेल्फ-गिबेलिन (पोपची बाजू घेणारे आणि सम्राटाची बाजू घेणारे) प्रकरण त्याआधीचं, तेही सध्या बाजूला ठेवा.

आता वहीत दोन रकाने आखा आणि साल घालून कोण कोणाबरोबर ते लिहा. १४२६ ला फ्लोरेन्स आणि व्हेनिस एका बाजूला, मिलान दुसऱ्या, कारण मिलानचा ड्यूक फिलिप्पो मारिया विस्कोंती हातपाय पसरत होता. त्यात व्हेनिसने ब्रेशा घेतलं, १४२८ ला बेर्गामोही, म्हणजे मिलानपासून जेमतेम ५० किलोमीटर. मग थेट १४५२ लिहा, फ्लोरेन्स आणि मिलान एकत्र आणि समोर व्हेनिस-नेपल्स! मधे काय झालं? विस्कोंती १४४७ ला मुलगा नसताना वारला, १४५० ला त्याचा जावई फ्रान्चेस्को स्फोर्झाने मिलान ताब्यात घेतलं आणि फ्लोरेन्सचा कारभार हातात असलेल्या कोझिमो मेदिचीने हिशोब केला की आता खरा धोका व्हेनिसचा, म्हणून पैसा स्फोर्झाकडे. फ्लोरेन्समधे बऱ्याच जणांना ते पटलं नव्हतं. जो डोईजड होतो त्याच्याविरुद्ध बाकीचे एक होतात, हे रकाने बघून आपोआप दिसायला लागतं.

सेनापतीचा करारही बघायचाच. सैन्य भाड्याचं, ठरलेली मुदत, पुढे वाढवायची की नाही ते मालकाच्या मर्जीवर. कार्मान्योला आधी विस्कोंतीचा सेनापती, मग व्हेनिसकडे आला, १४२७ ला माक्लोदिओला मिलानचा दणदणीत पराभव केला आणि पकडलेले बरेच सैनिक सोडून दिले. भाडोत्री सैन्यात हे चालायचं, पण व्हेनिसला संशय आला तो गेलाच नाही, १४३२ ला त्याला बोलावून घेतलं, फितुरीचा खटला चालवला आणि व्हेनिसमधल्या सान मार्को चौकाजवळच्या दोन खांबांमधे डोकं उडवलं. मला हा माणूस सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण जिंकणाऱ्या सेनापतीलाच मालक किती घाबरायचे ते इथे कळतं.

१४५३ ला कॉन्स्टँटिनोपल तुर्कांकडे गेलं, व्हेनिसला तिकडे लक्ष देणं भाग होतं, १४५४ ला मिलान आणि व्हेनिसमधे लोदीचा तह झाला. बेर्गामो-ब्रेशा व्हेनिसकडेच राहिले.

आता १४७८ चे रकाने स्वतः भरा, पोप सिक्स्टस चौथा आणि नेपल्स विरुद्ध फ्लोरेन्स. मग १४७९ च्या शेवटी कोझिमोचा नातू आणि फ्लोरेन्सचा कर्ताधर्ता लोरेन्झो मेदिची स्वतः शत्रूच्या घरी नेपल्सला का गेला ते शोधा, दोन रकान्यांपैकी कुठला आधी फोडता येईल हे बघितलंत की उत्तर सापडेल.