मोठ्या संख्येचे अवयव पाडताना या चुका टाळा

4294967297. ही संख्या फळ्यावर लिहून मी विचारतो, मूळ संख्या आहे का, म्हणजे 1 आणि स्वतःखेरीज कशानेच भाग न जाणारी? दोनच मिनिटांत हात वर येतात, "हो सर, मूळ!" कशावरून? शेवटी 7, म्हणजे 2 आणि 5 बाद. अंकांची बेरीज 59, म्हणजे 3 बाद. 7, 11, 13 ने भाग जात नाही. झालं! अरे, हिचं वर्गमूळ 65536च्या किंचित पुढे आहे. तिथवरच्या मूळ संख्या कोण तपासणार? तेरावरच दम लागला?

ही संख्या म्हणजे 2चा 32वा घात अधिक 1. खुद्द फर्मा या फ्रेंच गणितज्ञालाही ती मूळ वाटली होती. 1732 मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने अवयव पाडून दाखवले: 641 × 6700417. या संख्येच्या कुठल्याही मूळ अवयवाला 64 ने भागलं की बाकी 1च उरते. एवढं ठाऊक असलं की 193, 257, 449, 577 आणि पाचवा 641, खेळ खलास. म्हणून मी भागाकार सुरू करण्याआधी संख्या कुठून आली ते बघतो. पोरांना तेवढाही धीर नसतो.

दुसरी चूक माझ्या विशेष डोक्यात जाते. एका हुशार विद्यार्थ्याने 2चा 64वा घात अधिक 1, म्हणजे 18446744073709551617, स्प्रेडशीटमध्ये टाकली आणि अवयवांचं पानभर गणित आणून दिलं. पहिलेच अवयव 2 आणि 5! विषम संख्येला 2 ने भाग गेला, तरी गडी शांत. स्प्रेडशीट पहिले पंधरा अंकच धरून ठेवते, पुढे शून्यं भरते. त्याने 18446744073709500000 चे अवयव पाडले होते. बरोबर पाडले होते, हे त्यातल्या त्यात.

माझी सवय जुनाट आहे: नवाची बाकी, म्हणजे अंकांची बेरीज 9 ने भागल्यावर उरणारी, हातानेच काढतो. खऱ्या संख्येच्या अंकांची बेरीज 89, बाकी 8. पडद्यावरच्या संख्येची बेरीज 69, बाकी 6. चोरी तिथेच पकडली जाते. अंकांची अदलाबदल मात्र नवाला कळत नाही, शेजारचे दोन अंक उलटे पडले असतील तर अकराची बाकी काढा. आणि मोठ्या पूर्णांकांचं गणित पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत करा, तिथे अंक गळत नाहीत.

4 आणि 6 ने भाग जातो म्हणून 24 ने जाईलच असं नाही. 12 बघा.

360 = 2³ × 3² × 5. विभाजक मोजताना घातांकांत 1 मिळवून गुणा: 4 × 3 × 2 = 24. नुसते घातांक गुणून 6 आणणारे दरवर्षी भेटतात.

2च्या 340व्या घाताला 341 ने भागलं की बाकी 1 उरते, विषम मूळ संख्येचंही असंच होतं (घात तिच्याहून 1ने कमी), पण तेवढ्यावरून 341 मूळ ठरवू नका. ती 11 × 31 आहे. 2च्या जागी 3 घेतला तर बाकी 56 येते आणि सोंग उघडं पडतं. 561 त्याहून लबाड. तिच्याशी सामाईक अवयव नसलेली कुठलीही संख्या घ्या, 560व्या घाताची बाकी 1च. तिथे मिलर-राबिन ही मूळ संख्या ओळखण्याची जास्त कडक कसोटी लावा, किंवा सरळ 3 ने भागून बघा.