घर घेताय? ग्राउंड रेंटचं कलम आधी वाचा

इंग्लंडात घर बघायला निघालेली आपली मंडळी स्टेशन किती लांब, शाळा कशी, दार कुठल्या दिशेला, सगळं विचारतात. घर फ्रीहोल्ड की लीजहोल्ड हे मात्र सॉलिसिटरचा, म्हणजे खरेदीची कागदपत्रं बघणाऱ्या वकिलाचा, ईमेल आल्यावर कळतं. तोवर पडद्यांचे रंगही ठरलेले असतात.

फ्रीहोल्ड म्हणजे घर आणि जमीन दोन्ही कायमची तुमची. लीजहोल्ड म्हणजे जमीन दुसऱ्याची (तो फ्रीहोल्डर) आणि घरावरचा तुमचा हक्क ठरावीक वर्षांपुरता. ग्राउंड रेंट हे त्या जमिनीचं वर्षाचं भाडं. त्याच्या बदल्यात काही मिळत नाही. जिना, छप्पर, लिफ्टसाठीचा सर्व्हिस चार्ज वेगळा. फ्लॅट बहुतेक लीजहोल्डच असतात, पण मँचेस्टर-बोल्टनकडे अख्खी घरंही तशीच विकली जातात. जुन्या घरांची लीज ९९९ वर्षांची आणि भाडं चार-दोन पौंड असेल, तर खुशाल घ्या. लीज ८० वर्षांच्या खाली आली असेल तर आधी वाढवून घ्यायचा खर्च विचारा.

घाबरायचं ते भाडेवाढीच्या कलमाला. या शतकात बांधलेल्या काही घरांच्या लीजमध्ये भाडं दर १० वर्षांनी दुप्पट होतं. आज २५० पौंड, २० वर्षांनी १,०००, ५० वर्षांनी ८,०००! ओळखीतल्या एका जोडप्याने असंच घर घेतलं. सॉलिसिटर बिल्डरनेच सुचवलेला, फी कमी म्हणून. विकायला काढलं तेव्हा गिऱ्हाईक लगेच मिळालं, पण त्याला बँक कर्ज देईना. भाडं घराच्या किमतीच्या ०.१ टक्क्याच्या वर गेलं की बऱ्याच बँका हात आखडतात. म्हणजे ३ लाखांच्या घराला ३०० पौंड. शेवटी ते कलम बदलून घ्यायला फ्रीहोल्डरला पैसे मोजले, वर दोन्हीकडच्या वकिलांची फी यांच्याच माथी. बिल्डरचा सॉलिसिटर घेऊ नका. फी माफ असली तरी घेऊ नका.

‘ग्राउंड रेंट आता बंद झालाय’ हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान अर्धवट आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ३० जून २०२२ पासून झालेल्या बहुतेक नव्या लीजवर तो घेता येत नाही, हे खरं. पण २०१५ सालचा फ्लॅट तुम्ही आज घेतलात, तर २०१५ चीच लीज तुमच्या गळ्यात पडते. स्कॉटलंडला जाणार असाल तर ही कटकट जवळपास नाहीच.

‘फ्रीहोल्ड नंतर घ्या’ असं सेल्स ऑफिसातली गोड मुलगी सांगेल. पण बिल्डरला जमीन परस्पर एखाद्या गुंतवणूक कंपनीला विकायची झाली, तर फ्लॅटवाल्यांना आधी विचारावं लागतं. स्वतंत्र घरवाल्यांना तो हक्क नाही. नवा मालक मग आपला भाव सांगतो. कायद्याने फ्रीहोल्ड मागता येतं, जानेवारी २०२५ पासून दोन वर्षं थांबायची अटही गेली, पण खर्च चुकत नाही.

ठरलेल्या नमुन्यातली नोटीस आल्याशिवाय ग्राउंड रेंट देणं लागत नाही. ती नोटीस त्या घराच्याच पत्त्यावर जाते. म्हणून फ्लॅट भाड्याने देऊन दुसऱ्या गावी राहायला गेलात, तर फ्रीहोल्डरला नवा पत्ता लेखी कळवा. भाडेकरू तुमची पत्रं जपून ठेवेल या भरवशावर राहू नका.

लीज वाचून डोकं फिरलं तर सरकारी पैशावर चालणाऱ्या लीजहोल्ड अ‍ॅडव्हायझरी सर्व्हिसचा सल्ला फुकट मिळतो. मंडळातल्या सर्वज्ञ काकांना त्यानंतर विचारा.