विंडो मेसेजचे हुकूम पाळताय? या चुका टाळा

"लोकल बग आहे हो, हल्लेखोर आधी मशीनवर तर यायला हवा!" हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय आणि दर वेळी चिडतो. मशीनवर येणं आता अवघड राहिलेलं नाही. एक फसवी अटॅचमेंट उघडली की साध्या युजरच्या हक्कांनी परका कोड चालू होतो. तिथून सिस्टिमच्या हक्कांपर्यंत चढायची शिडी म्हणजेच हा लोकल बग.

विंडोजमधली ही शिडी २००२ साली क्रिस्टिन पॅजेट यांनी उघड करून दाखवली. तेव्हा एका डेस्कटॉपवरची कुठलीही विंडो दुसऱ्या कुठल्याही विंडोला मेसेज, म्हणजे 'पेस्ट कर'सारखा हुकूम, पाठवू शकायची, आणि तो कुणी पाठवला हे कळायला मार्ग नसायचा. पॅजेट यांनी सिस्टिम हक्कांनी चालणाऱ्या एका अँटिव्हायरसच्या टेक्स्ट बॉक्सची अक्षरमर्यादा मेसेज पाठवून वाढवली, त्यात आपला कोड पेस्ट केला आणि टायमरचा मेसेज सोडला. या मेसेजसोबत फंक्शनचा पत्ता देता येतो. समोरच्या प्रोग्रॅमने टायमर लावलेला नसला तरी त्या पत्त्यावरचा कोड चालायचा. हाच शॅटर अटॅक. डिसेंबर २००२ मध्ये टायमरपुरता पॅच आला. पक्का बांध घातला गेला तो विंडोज व्हिस्टात: सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) युजरच्या डेस्कटॉपपासून वेगळ्या सेशन शून्यात गेल्या, आणि खालच्या इंटिग्रिटीच्या, म्हणजे कमी विश्वासाच्या पातळीच्या, प्रोसेसने वरच्या प्रोसेसच्या विंडोला पाठवलेले बहुतेक मेसेज अडवले जाऊ लागले.

आणि आपली मंडळी काय करतात? तोच बांध फोडतात.

"सर, अ‍ॅडमिन म्हणून चालवलं की ड्रॅग-ड्रॉप चालत नाही." ही तक्रार आली की नवखा मुलगा नेटवरून तीन ओळी उचलतो. चेंजविंडोमेसेजफिल्टर हे विंडोजचं फंक्शन वापरून ड्रॉपफाइल्स, कॉपीडेटा (एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे माहिती पाठवणारा) आणि ०x००४९ हे तीन अडवलेले मेसेज मोकळे करतो. ड्रॅग-ड्रॉप चालू, काम संपलं! एका ग्राहकाच्या लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच झालं होतं. त्यात कॉपीडेटा आला की चालणारा एक जुना हँडलर होता. अपडेटर त्याला फाइलचा पाथ पाठवायचा आणि प्रोग्रॅम ती फाइल चालवायचा. तो कुणाच्या लक्षातही नव्हता. मी साध्या युजरने लॉगिन केलं, वीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, टायटलवरून विंडो शोधली आणि कमांड प्रॉम्प्टचा पाथ पाठवला. काळी खिडकी उघडली. त्यात 'हूअ‍ॅमआय /ग्रुप्स' टाइप केलं, तर यादीत 'हाय मँडेटरी लेव्हल', म्हणजे अ‍ॅडमिनची पातळी. खोलीत कुणी बोलेना.

कॉपीडेटासोबत पाठवणाऱ्याच्या विंडोचं हँडल येतं खरं, पण ते पाठवणाराच भरतो. त्यावरून ओळख पटवू नका. शिवाय चेंजविंडोमेसेजफिल्टर अख्ख्या प्रोसेससाठी दार उघडतं. अगदीच गरज पडली तर विंडोज ७ पासून असलेलं, नावाच्या शेवटी 'ईएक्स' असलेलं त्याचं रूप वापरा, ते एका विंडोपुरतं असतं.

मी मात्र फिल्टरला हातच लावत नाही. खिडकी साध्या हक्कांच्या प्रोसेसमध्ये ठेवतो आणि सर्व्हिसला खिडकीच देत नाही. दोघांमध्ये नेम्ड पाइप, म्हणजे दोन प्रोसेसना बोलायची नावाची वाट. सर्व्हिस आधी क्लायंटला इम्पर्सोनेट करते, म्हणजे त्याचे हक्क अंगावर घेते, आणि मगच फाइल उघडते, म्हणजे मागणाऱ्याला जे स्वतः उघडता आलं नसतं ते सर्व्हिसही उघडत नाही. दोन दिवस जास्त लागतात. लागू देत.

या रचनेतही काही चुका होतात. इम्पर्सोनेशनचा रिटर्न व्हॅल्यू न तपासणं: ते फसलं तर पुढचा सगळा कोड सिस्टिम म्हणून चालतो.

पाइपला नल डीएसीएल (कुणाला काय परवानगी, याची यादीच नसणं) देणं: म्हणजे सगळ्यांना मोकळं रान.

कटकट नको म्हणून यूएसी (अ‍ॅडमिनचे हक्क देण्याआधी परवानगी विचारणारी सोय) रजिस्ट्रीतून बंद करणं: त्याबरोबर मेसेजची ही अडवणूकही जाते. असं मशीन दिसलं की मी आधी यूएसी चालू करतो, मगच तक्रार ऐकतो.

आणि "व्हिस्टानंतर हा विषय संपला" असं मानणंही चूकच. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरक्षा-संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी कीबोर्ड-भाषा सांभाळणाऱ्या सीटीएफ यंत्रणेतून हाच बांध ओलांडून दाखवला. तो दोष एक्सपीच्या काळापासून तिथेच होता.

तुमच्या प्रोग्रॅमपासून सुरुवात करा. मायक्रोसॉफ्टच्या प्रोसेस एक्स्प्लोरर या साधनात इंटिग्रिटीचा कॉलम लावा, 'हाय' किंवा 'सिस्टिम' दिसणाऱ्या तुमच्या प्रत्येक प्रोसेसचा सोर्स उघडा आणि त्यात 'मेसेजफिल्टर' शोधा.