पहिलं रिव्हॉल्व्हर हलकं नको

परवाना हातात आला की दुकानात बहुतेक जण आधी हलकं हत्यार मागतात. उदाहरणार्थ, कानपूरचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), वजन सुमारे ५०० ग्रॅम. बाळगायला सोपं, पण नवख्याला जरा जड आणि लांब नळीचंच बरं. धक्का कमी बसतो, नेम टिकतो.

सिलिंडर उघडून गोळ्यांची सगळी घरं रिकामी आहेत हे स्वतः बघा. मग दुकानदाराला विचारून, तो सांगेल त्या सुरक्षित दिशेला धरून, हॅमर (मागचा घोडा) न चढवता ट्रिगर सावकाश ओढा. नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी डगमगली, तर मूठ हाताला मोठी आहे किंवा ट्रिगर कडक आहे. दुसरं बघा.

आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यातला घाम! चकचकीत लाकडी मूठ दिसते झकास, पण ओल्या तळव्यात सटकते. रबरी घ्या.