होस्टिंग सर्व्हरच्या किल्ल्या: लॉगिन आणि डेटाबेसचे अधिकार कसे सांभाळावेत

काही वर्षांपूर्वी एका लहान वाचनालयाचे बंद पडलेले संकेतस्थळ माझ्याकडे दुरुस्तीला आले. बिघाड किरकोळ होता, पण सर्व्हरपर्यंत पोहोचण्यातच तीन आठवडे गेले. होस्टिंगचे खाते साइट बनवणाऱ्या मुलाच्या खासगी ई-मेलवर नोंदलेले होते, तो मुलगा नोकरीनिमित्त परगावी गेला होता आणि ज्या मोबाइल क्रमांकावर ओटीपी येत असे, तो क्रमांकही त्याने केव्हाच सोडून दिला होता. सभासदांची यादी आणि आठ हजार पुस्तकांची नोंद सर्व्हरवर शाबूत होती. वाचनालयाच्या हाती मात्र काहीच नव्हते. शेवटी संस्थेचे नोंदणीपत्र आणि नूतनीकरणाच्या पावत्या पाठवून खाते परत मिळवावे लागले. पुढील मजकूर सी-पॅनेल (सर्व्हरची व्यवस्था पाहण्याचा पडदा) आणि वर्डप्रेस (साइट बनवण्याचा आणि चालवण्याचा प्रोग्राम) वापरणाऱ्या साध्या शेअर्ड होस्टिंगला, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइटी असलेल्या सेवेला, धरून लिहिला आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक संस्था आणि लहान व्यावसायिक तेच वापरतात.

एका साइटमागे निदान चार वेगवेगळी लॉगिने असतात आणि ती एकमेकांच्या वर रचलेली असतात. सर्वांत वर होस्टिंग कंपनीकडचे ग्राहक खाते, जिथे बिल भरले जाते. त्याखाली सी-पॅनेल, जिथे फाइली, ई-मेल आणि डेटाबेस यांची व्यवस्था असते. त्याखाली वर्डप्रेसचा अ‍ॅडमिन. आणि सर्वांत तळाशी डेटाबेसचा यूजर, ज्याच्या नावाने माणूस कधीच लॉगिन करत नाही, फक्त साइटचा प्रोग्राम करतो. वरच्या पायरीवरच्या माणसाला खालचा कोणताही पासवर्ड बदलता येतो. या सगळ्यांच्याही वर एक गोष्ट असते, ती म्हणजे पासवर्ड विसरल्यावर ज्या पत्त्यावर दुवा येतो तो ई-मेल. म्हणून सर्वप्रथम ग्राहक खात्यातला आणि सी-पॅनेलच्या संपर्क माहितीतला असे दोन्ही ई-मेल पत्ते तपासावेत. तो पत्ता संस्थेचा असावा, पण त्याच सर्व्हरवरचा नसावा. साइट बंद पडली की त्या डोमेनची टपालपेटीही बंद पडते आणि किल्ली कुलपाच्या आत अडकते. डोमेन दुसऱ्या कंपनीकडे नोंदलेले असेल, तर तिथेही हीच तपासणी करावी.

त्यानंतर दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारण्याची सोय, चालू करावी. ग्राहक खात्याची आणि सी-पॅनेलची पडताळणी स्वतंत्र असते. एक चालू केली म्हणजे दुसरी आपोआप चालू होत नाही. ग्राहक खात्यासाठी आणीबाणीचे कोड मिळत असतील, तर ते कागदावर छापून संस्थेच्या कपाटात ठेवावेत. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याचा नियम अनेक कार्यालयांत अजून पाळला जातो, पण अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांतच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये असे सांगितले आहे, कारण अशा सक्तीने लोक शेवटचा आकडा तेवढा बदलतात. पासवर्ड लांब असावा, इतरत्र कुठेही वापरलेला नसावा आणि फुटल्याचा संशय आला की लगेच बदलावा, एवढे पुरेसे आहे. सी-पॅनेल उघडताना पत्ता 2083 या सुरक्षित पोर्टचा आहे ना, हेही पाहावे. 2082 वर टाकलेला पासवर्ड वाटेत वाचता येऊ शकतो.

साइटचे काम बाहेरच्या माणसाला देताना सी-पॅनेलचा पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याची पद्धत सर्रास दिसते. त्याऐवजी त्याच्या कामापुरते खाते काढून द्यावे. फक्त लेख टाकायचे असतील, तर वर्डप्रेसमध्ये 'एडिटर' ही भूमिका पुरते. फाइली बदलायच्या असतील, तर स्वतंत्र एफटीपी खाते काढून ते एका फोल्डरपुरते मर्यादित करता येते. मात्र जोडणी कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) असावी, साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो.

आता डेटाबेसकडे वळू. सी-पॅनेलमध्ये डेटाबेस तयार करणे, यूजर तयार करणे आणि यूजरला डेटाबेसशी जोडणे ही तीन वेगळी कामे आहेत आणि नवखा माणूस तिसरे हमखास विसरतो. दुसरी चूक नावाची होते. सी-पॅनेल बहुतेक ठिकाणी प्रत्येक नावाआधी खात्याचे नाव आणि अधोरेषा जोडते. खाते 'ग्रंथ' असेल आणि आपण डेटाबेसला 'साइट' म्हटले, तर खरे नाव 'ग्रंथ_साइट' असे होते, आणि साइटच्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे डेटाबेसचे नाव, यूजर आणि पासवर्ड जिथे नोंदलेले असतात त्या फाइलमध्ये, हे पूर्ण नावच लिहावे लागते. (पडद्यावर अर्थातच हे रोमन अक्षरांत असते.)

वर्डप्रेस अशा वेळी डेटाबेसशी संपर्क होत नसल्याचे एक मोघम वाक्य दाखवून मोकळे होते. डीबग, म्हणजे चुका सविस्तर दाखवणारी, सुविधा थोडा वेळ चालू केली, तर मूळ त्रुटीचा क्रमांक हाती लागतो आणि तो नीट वाचला तर निम्मे काम होते. 1045 म्हणजे यूजरचे नाव किंवा पासवर्ड चुकला आहे; त्याच ओळीच्या शेवटी पासवर्ड वापरल्याचे उत्तर 'नो' असे दिसले, तर कॉन्फिगमधला पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोहोचलेलाच नाही असे समजावे. 1044 म्हणजे ओळख पटली आहे, पण त्या डेटाबेसवर हक्क नाही, म्हणजे वर सांगितलेली तिसरी पायरी राहिली आहे किंवा डेटाबेसचे नाव चुकले आहे.

एकाच खात्यावर तीन साइटी असतील, तर तीन डेटाबेस आणि तीन यूजर असावेत. एकच यूजर तिन्हींना जोडला, तर एका साइटच्या जुनाट प्लगिनमधून (वर्डप्रेसला जोडलेल्या पूरक प्रोग्राममधून) शिरलेल्या माणसाला तिन्हींचा डेटा मिळतो. अधिकार किती द्यावेत याबद्दल बरेच काटेकोर सल्ले दिले जातात. वर्डप्रेसला रोजच्या कामासाठी वाचणे, भरणे, बदलणे आणि पुसणे एवढे चारच अधिकार लागतात हे खरे, पण नवीन आवृत्ती किंवा प्लगिन बसवताना तक्ते तयार करण्याचे आणि त्यांची रचना बदलण्याचेही अधिकार लागतात, आणि ते नसले की अद्ययावतीकरण अर्धवट राहते. माझ्या मते साइटच्या स्वतःच्या यूजरला त्याच्या एका डेटाबेसपुरते सर्व अधिकार द्यावेत आणि काटेकोरपणा अहवाल काढणाऱ्या यूजरसाठी राखावा. त्याला केवळ वाचण्याचा अधिकार पुरतो.

डेटाबेसचा पासवर्ड बदलताना साइट बंद पडू नये, यासाठी एक सोपी रीत आहे. जुन्या यूजरला हात न लावता दुसरा यूजर तयार करावा, तो त्याच डेटाबेसला जोडावा, कॉन्फिग फाइलमध्ये नवे नाव आणि नवा पासवर्ड लिहावा, साइट उघडून एखादा मसुदा जतन होतो का ते पाहावे, आणि मगच जुना यूजर काढून टाकावा. पासवर्ड निवडताना चिन्हांचा मोह टाळावा. वर्डप्रेसच्या कॉन्फिगमध्ये तो एकेरी अवतरणचिन्हांत असतो. पासवर्डमध्येच तसे चिन्ह आले, तर पीएचपीच्या (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे तिच्या) दृष्टीने तो तिथेच संपतो आणि अख्खी साइट कोरी दिसते. केवळ अक्षरे आणि अंक असलेला चोवीस स्थानांचा पासवर्ड पुरेसा भक्कम असतो.

याच टप्प्यावर आणखी एक अपघात घडतो. कॉन्फिगमध्ये बदल करण्यापूर्वी तिची प्रत ठेवणे शहाणपणाचे, पण पुष्कळ जण त्याच फोल्डरमध्ये नावापुढे 'ओल्ड' किंवा 'बॅक' असे शेपूट लावून ती ठेवतात. सर्व्हर मूळ फाइल प्रोग्राम म्हणून चालवतो, त्यामुळे तिच्यातला मजकूर बाहेर दिसत नाही. शेपूट बदललेली प्रत मात्र बहुधा साधा मजकूर म्हणून मागेल त्याला मिळते, पासवर्डसकट. अशी नावे शोधत फिरणारे बॉट रोज दार ठोठावत असतात. प्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी.

डेटाबेस आतून पाहण्यासाठी पीएचपी-मायअ‍ॅडमिन असते. सी-पॅनेलमधून ते उघडले की खात्यावरचे सगळे डेटाबेस समोर येतात, म्हणून 'एकच तक्ता बघायचा आहे' म्हणणाऱ्याला त्या वाटेने नेऊ नये. बाहेरच्या संगणकावरून थेट जोडणी देण्याची सोयही असते, पण तिथे आयपी पत्त्याच्या जागी टक्क्याचे चिन्ह टाकले, तर 3306 या पोर्टवर डेटाबेसचे दार साऱ्या जगाला खुले होते. घरगुती ब्रॉडबँडचा आयपी तर वरचेवर बदलतो, आणि कित्येकदा एकच आयपी अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला असतो; त्यामुळे आज घातलेली परवानगी उद्या शेजाऱ्याच्या नावे होते. हिशेबनिसाला महिन्याची वर्गणीची यादी हवी असेल, तर ती सीएसव्ही फाइल करून पाठवावी. त्याला डेटाबेसची गरज नसते.

माणूस काम सोडून गेला की केवळ सी-पॅनेलचा पासवर्ड बदलणे पुरत नाही, कारण एसएसएचची (सर्व्हरवर दुरून थेट आज्ञा देण्याच्या जोडणीची) किल्ली पासवर्डविनाही चालते आणि ती पासवर्ड बदलल्यावरही जागेवरच राहते. त्या किल्ल्या, स्वतंत्र एफटीपी खाती, सी-पॅनेलचे एपीआय टोकन (दुसऱ्या प्रोग्रामला आत येण्यासाठी दिलेले परवाने), ठरावीक वेळी चालणारी क्रॉन कामे, ई-मेल पुढे पाठवण्याचे नियम आणि बाहेरून जोडणीसाठी दिलेले आयपी, हे सगळे एकेक करून पाहावे. वर्डप्रेसमध्ये त्याचे खाते पुसताना लेख दुसऱ्याच्या नावावर करण्याचा पर्याय निवडावा, नाहीतर त्याने लिहिलेले सगळे त्याच्याबरोबर जाते. 5.6 या आवृत्तीपासून, म्हणजे 2020 च्या डिसेंबरपासून, वर्डप्रेसमध्ये अ‍ॅप्लिकेशन पासवर्डही, म्हणजे बाहेरच्या अ‍ॅपला साइटशी जोडण्यासाठीचे वेगळे पासवर्ड, आले आहेत. माणसाचे खाते न पुसता नुसता पासवर्ड बदलला, तर हे चालूच राहतात, म्हणून ते वेगळे रद्द करावेत.

त्या वाचनालयात आता एक पानभर तक्ता आहे: कोणते लॉगिन, कोणाच्या नावे, केव्हा दिले, केव्हा काढले. पासवर्ड त्यात नाहीत, ते पासवर्ड मॅनेजरमध्ये आहेत आणि त्याची मुख्य किल्ली बंद पाकिटात कार्यवाहांच्या कपाटात आहे. एप्रिलमध्ये साठा-पडताळणीसाठी वाचनालय बंद असते, तेव्हा ग्रंथपाल तो तक्ता घेऊन बसतात. गेल्या वर्षी त्यात दोन नावे निघाली, जी काढायची राहून गेली होती.